जी ड्राइव्हवरचा आवाज

तिला सगळे काटकोन म्हणत, आणि हे तिलाही माहीत होतं. कंप्युटर दुरुस्तीला घेऊन आलेलं गिऱ्हाईक आपलं गाऱ्हाणं सांगत असायचं आणि ही बाई ऐकता ऐकता काउंटरवरची त्याची किल्ली, मोबाईल आणि चष्म्याचं घर एका रेषेत लावून टाकायची. कुणाच्या घरी गेली तर चहा येईपर्यंत भिंतीवरचा फोटो सरळ झालेला असे. एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसलेली असताना तिने खुणेने सांगितलं, की समोरचं कॅलेंडर डावीकडे कललंय. डॉक्टरने मुकाट्याने आधी ते सरळ केलं आणि मग दात उपटला.

तिचं दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली होतं आणि ती राहायची वरच्या मजल्यावर. पन्नाशी उलटलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आणि हात असा साफ की आसपासची ऑफिसंसुद्धा आपली मशिनं तिच्याकडेच पाठवत. काढलेल्या स्क्रूंसाठी बाटल्यांची झाकणं मांडलेली, प्रत्येक मापाला वेगळं झाकण. आणि एक नेम तिने कधी मोडला नव्हता. दुसऱ्याच्या मशिनला हात लावायच्या आधी आतल्या सगळ्याची नक्कल काढून ठेवायची. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, नक्कल निघेपर्यंत त्याला स्टुलावर बसून राहावंच लागे.

कोपऱ्यावरून वळलं की तिच्या थोरल्या भावाचं केशकर्तनाचं दुकान. दादाच्या जिभेला हाड नव्हतं. "हे केस कापतात ते लोकांना एका जागी बसवून ठेवता यावं म्हणून," असं वहिनी म्हणायची, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. गळ्याभोवती कापड बांधलं की माणूस पळून जाऊ शकत नाही. मग दादाची गाडी सुटायची. पुलाचं काम का रखडलंय, कुणाच्या जावयाने नोकरी सोडली, केस गळू नयेत म्हणून काय करावं. हे शेवटचं तो स्वतःच्या चकचकीत टकलावरून हात फिरवत सांगायचा. काही लोक घरी दाढी करून नुसते गप्पांसाठी येऊन बाकावर बसत.

त्या दादाच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. त्या दिवशी दादा घरी आला आणि जेवताना एक शब्द बोलला नाही. त्याचा मुलगा, म्हणजे काटकोनचा भाचा, मालवाहू जहाजावर इंजिनच्या कामाला होता. तो रजा टाकून धावत आला आणि ऑपरेशनपर्यंत रोज बापाला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून त्याचा आवाज रेकॉर्ड करत राहिला. दुकानात लागणारी वाक्यं, घरात लागणारी वाक्यं, विनोद, थापा, हाका. मग त्याने स्वतःच एक प्रोग्राम लिहिला. दुकानात एक कंप्युटर बसवला, आरशाखालच्या फळीवर त्याचा आकड्यांचा कीपॅड ठेवला आणि मागच्या घरातही तसाच एक कीपॅड आणि स्पीकर तारेने जोडून दिला. दादाने कंगव्याच्या टोकाने आकडे दाबले की कपाटावरच्या स्पीकरमधून दादाच बोलायचा. "मान खाली." "कल्ले कुठवर ठेवू?" "अहो, हलू नका, कान एकदा गेला की परत उगवत नाही."

दादा आता गळ्यावरच्या भोकातून श्वास घेई. कापलेले केस आत जाऊ नयेत म्हणून त्यावर बारीक विणीचं कापड बांधी, आणि कात्री चालवता चालवता कंगव्याने बोले. आकडे त्याला असे पाठ झाले की समोरच्याने पुलाचा विषय काढायचा अवकाश, पुलावरचा विनोद हजर. अड्डा पुन्हा भरू लागला. भाचा निर्धास्त होऊन जहाजावर गेला आणि त्याचा फोन लागेनासा झाला, कारण भर समुद्रात फोन लागत नाहीच.

तर एक दिवस त्या कंप्युटरचा पंखा घरघरू लागला. तक्रार एवढीच होती.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी काटकोनने मशिन आपल्याकडे आणलं. पंख्यात निम्म्या गल्लीच्या डोक्यावरचे केस अडकले होते. ते तिने चिमट्याने काढले, पंख्याला तेलाचा थेंब दिला, झाकण लावलं. नक्कल काढायची आठवण झाली होती. पण घरचंच तर मशिन, नुसता पंखा तर पुसायचा होता, म्हणून राहून गेली. इथवर काही बिघडलं नव्हतं. मशिन नीट चालतंय ना, ते बघायला तिने सुरू केलं, आणि तिला दिसलं, की याची सिस्टीम सी ड्राइव्हवर नाहीच. ती जी ड्राइव्हवर आहे.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगायचं, तर कंप्युटर आपल्या साठवणीच्या प्रत्येक जागेला एकेक अक्षर देतो, आणि ज्या सिस्टीमच्या जिवावर तो चालतो ती बहुतेक सगळीकडे सीवर असते. भाच्याने सिस्टीम घातली तेव्हा कार्डं वाचायचा चार खाचांचा रीडर मशिनला लागलेलाच राहिला असणार. त्या रिकाम्या खाचांनी सी, डी, ई, एफ अडवून टाकले आणि सिस्टीमला पुढचा जी मिळाला. रीडर कधीच निघून गेला, जी तसाच राहिला. याने कुणाचं काही अडत नाही. मशिन जसं चालायचं तसंच चालतं.

पण काटकोनला ते बघवेना. भिंतीवरचा फोटो वाकडा असला की तिचे हात जसे शिवशिवत तसेच ते आता शिवशिवले. गंमत म्हणजे अशा वेळी काय होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. हेच कुणी गिऱ्हाईक करायला निघालं असतं तर तिने त्याचे कान उपटले असते. साध्या रस्त्याने सिस्टीमचं अक्षर बदलताच येत नाही, मशिनच नको म्हणतं. मग ती मागच्या दाराने शिरली, जिथे मशिन स्वतःच्या नोंदी ठेवतं तिथे, आणि जीच्या जागी सी करून मोकळी झाली. मनाला काय बरं वाटलं तिच्या! मशिन बंद करून तिने परत सुरू केलं.

मशिनने पासवर्ड विचारला. तिने दिला. पडद्यावर स्वागत आलं आणि दुसऱ्या क्षणी मशिनने तिला बाहेर काढून परत पासवर्ड विचारला. पुन्हा पासवर्ड, पुन्हा स्वागत, पुन्हा बाहेर. दारात हसून या म्हणायचं आणि पाऊल आत टाकलं की दार लावून घ्यायचं, असा तो प्रकार चालला होता. घराचा नंबर तिने बदलला होता, पण आतल्या हजारो नोंदींत पत्ता अजून जीचाच होता. सिस्टीम स्वतःलाच जीवर शोधत होती आणि तिथे कुणी राहत नव्हतं.

त्याच वेळी तिने सीचा परत जी केला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण हातात घेतलेलं काम अर्धवट सोडायचं म्हणजे तिला ताप यायचा. तिने ठरवलं, की आतले सगळे पत्तेच बदलून टाकू, म्हणजे सगळं कसं सरळ होईल. डिस्क काढून तिने आपल्या मशिनला लावली आणि एकेक जी शोधून त्याचा सी करायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मशिन न्यायला आला. भुवया उडवून त्याने विचारलं, काय झालं?

"पार्ट मागवलाय दादा," ती म्हणाली. "येईल एकदोन दिवसांत."

दादाने मान डोलावली आणि तो गेला. धाकट्या बहिणीने कंप्युटरबद्दल सांगितलेलं त्याने आजवर कधी तपासून पाहिलं नव्हतं. ती पाठमोऱ्या दादाकडे बघत राहिली आणि तिला स्वतःची लाज वाटली.

आवाज नसलेलं दुकान दोन दिवसांतच उदास झालं. दादाने पाटीवर लिहून पाहिलं, पण खुर्चीतलं गिऱ्हाईक आरशात बघत असतं आणि आरशात अक्षरं उलटी दिसतात. त्याने फोनवर टाइप करून फोनला बोलायला लावलं, तर फोनमधून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "मान खाली करा." बाकावरचे सगळे खो खो हसले. दादाही हसला, पण त्यानंतर त्याने फोन खिशातून काढला नाही. शेजारचा शिंपी, जो रोज न चुकता बसायला यायचा, तो म्हणाला, "अहो, हे दुकान आहे की वाचनालय? नुसती कात्री ऐकू येते." पुढे पुढे बाकावर दाढी घरी करून येणारे येईनासे झाले.

वहिनी काटकोनकडे आली. उभ्याउभ्याच म्हणाली, "वन्सं, त्या पार्टाचं काही बघा हो. घरी आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडतात. हाक मारायची असली की टाळी वाजवतात. मला नाही बघवत."

"बघते वहिनी. आजच बघते."

वहिनी गेली आणि काटकोन परत मशिनपाशी बसली. मशिन आता थोडं थोडं सुरू होऊ लागलं होतं, पण लंगडत. भाच्याचा प्रोग्राम उघडायचा आणि त्यातली सगळी बटणं कोरी निघायची. त्याने प्रोग्राममध्येही जागोजागी जी लिहून ठेवला होता, आणि तिथे शिरायची किल्ली त्याच्याखेरीज कुणाकडे नव्हती. तो तर समुद्रात. आणि त्याच दुपारी डिस्कमधून आवाज येऊ लागला. टिक. टिक. टिक. या धंद्यात या आवाजाला सगळे घाबरतात. डिस्क शेवटच्या घटका मोजू लागली की अशी बोलते.

दादाचा आवाज जगात त्या एका डिस्कवर होता. दुसरीकडे कुठेच नव्हता. आणि तो पुन्हा रेकॉर्ड करता येणार नव्हता, कारण तो ज्यातून निघायचा ते स्वरयंत्रच राहिलं नव्हतं. अनोळखी माणसाच्या लग्नाच्या फोटोंची नक्कल काढल्याशिवाय स्क्रू न हलवणारी ही बाई सख्ख्या भावाचा आवाज नक्कल न काढता उघडून बसली होती.

तिने दुकानाचं दार आतून लावून घेतलं आणि नव्या डिस्कवर हुबेहूब नक्कल उतरवायला लावली. जुनी डिस्क अडखळत, थांबत, टिकटिक करत चालली होती. ती हात मांडीखाली दाबून बसून राहिली, कारण हात मोकळे असते तर त्यांनी काहीतरी केलं असतं. संध्याकाळ व्हायच्या आत नक्कल पूर्ण झाली. मग आवाज खरोखर उतरलेत का, हे बघायला तिने इअरफोन कानात घातले आणि पहिली फाइल लावली.

"मान खाली," दादा म्हणाला. प्रोग्राम इथेच थांबायचा. पण फाइल पुढे चालू राहिली. दादा खोकला. बराच वेळ खोकला. मग भाच्याचा आवाज, "पाणी हवंय का बाबा?" आणि दादा बसक्या आवाजात, "नको. पुढचं घे."

काटकोनने दुसरी लावली. तिसरी लावली. भाच्याने रेकॉर्डिंगं कापलीच नव्हती. कुठून कुठवर वाजवायचं एवढंच प्रोग्रामला सांगून ठेवलं होतं. प्रत्येक वाक्याच्या मागे ते स्वयंपाकघर होतं. भांड्याचा आवाज, वहिनीचं नाक ओढणं, दादाचं घसा साफ करणं, "हे नीट नाही आलं, परत म्हणतो." पुलाचा तो विनोद त्याने कितीदा तरी सांगितला होता, प्रत्येक वेळी आवाज थोडा अधिक फाटलेला. एकदा तो म्हणाला, "दुखतंय रे फार." आणि मग तोच, "चल, चल, वेळ थोडा आहे." कधी तो पोराची चेष्टा करत होता, कधी वैतागत होता, कधी नुसता श्वास घेत होता.

काटकोन रडली. चांगली हुंदके देऊन रडली. ऑपरेशनच्या आधी ती रोज दादाकडे जायची, पण रेकॉर्डिंग चालू असलं की बाहेरच्या खोलीत बसून राहायची. आत काय चाललंय हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. दादाने इतकं सोसून जे ठेवलं होतं, ते तिने एका अक्षरासाठी उचकटलं होतं.

मग तिने डोळे पुसले आणि जिथे जिथे सी केला होता तिथे तिथे परत जी करायला घेतला. कुठे कुठे हात लावलाय हे तिने कागदावर ओळीने टिपून ठेवलं होतं. वाकड्याचं सरळ तिने जन्मभर केलं होतं. सरळ केलेलं हाताने पुन्हा वाकडं करायची ही पहिली वेळ. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा सी गेला आणि तिने नव्या डिस्कवर मशिन सुरू केलं. पासवर्ड, स्वागत, आणि या वेळी मशिनने तिला आत घेतलं. प्रोग्राम उघडला. बटणांवर वाक्यं होती. तिने एक दाबलं.

"कल्ले कुठवर ठेवू?" दादाने विचारलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

तिने आधी आणखी दोन नकला काढल्या आणि मगच मशिन उचललं. दादाच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तिने तारा जोडल्या, कीपॅड फळीवर ठेवला. दादाने कंगवा घेतला आणि दाबलं. "या, या, बसा!" स्पीकर दणदणला. दादाने डोळे मिटले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. एवढ्यावर ती घरी गेली असती तर तिला कुणी काही विचारणारं नव्हतं.

"दादा, पार्ट वगैरे काही नव्हता," ती म्हणाली. "पंखा मी तेव्हाच साफ केला होता. मग मी उगाच आत हात घातला. कुणी सांगितलं नव्हतं. मला ते अक्षर खुपत होतं, म्हणून. तुझा सगळा आवाज गेला असता दादा. थोडक्यात वाचला. आणि मी तुझ्याशी खोटं बोलले."

दादाचा हात तिच्या डोक्यावरून खाली आला. त्याचा चेहरा लाल झाला, गळ्यावरचं कापड जोरजोराने आतबाहेर होऊ लागलं. त्याने कंगव्याने आकडे दाबले. "मान खाली." नाही, हे नव्हे. दुसरे दाबले. "वा, काय रुबाब दिसतोय!" तेही नव्हे. तो दाबतच सुटला, आणि स्पीकर आपला विनोद सांगतोय, चहा विचारतोय, आभार मानतोय. त्याला ओरडायचं होतं आणि ओरडायला एक वाक्य नव्हतं. आवाज साठवताना सगळ्यांनी गिऱ्हाइकांचा विचार केला, गप्पांचा केला. या माणसाला पुढे कधी राग येईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. शेवटी दादाने एक आकडा दाबला, "आभारी आहे, पुन्हा या," आणि कंगवा फेकून देऊन तिच्याकडे पाठ केली.

ती घरी गेली. त्यानंतर दादाचं दुकान भरू लागलं, शिंपी बाकावर आला, पुलाचा विनोद परत सुरू झाला. पण काटकोन दारात दिसली की दादाचा कंगवा थांबायचा. तो मान हलवायचा, स्टूल पुढे सरकवायचा, वहिनीने दिलेला डबा हातात द्यायचा, सगळं करायचा. कीपॅडला मात्र हात लावायचा नाही. तिच्याशी तो बोलतच नव्हता. रागावला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर तिला चाललं असतं. हे गप्प राहणं तिला सोसेना. भांडण झालं नाही तर ते मिटणार तरी कसं?

मग तिने पुन्हा इअरफोन कानात घातले. आताही नकलेवरच, मूळ डिस्क कपाटात कुलपात. वाक्यांच्या मागच्या शेपट्या ती एकेक करून ऐकत गेली, आणि हवं होतं ते तिला सापडलं. रेकॉर्डिंगच्या एका दिवशी भाच्याने बापाला एकच वाक्य फारच वेळा म्हणायला लावलं होतं. तेवढाच तुकडा तिने अलगद कापून घेतला. प्रोग्राममध्ये नवीन वाक्यं घालायला भाच्याने एक कप्पा मोकळा ठेवला होता, तिथे तो ठेवला. जीवरच ठेवला.

सकाळी ती दादाच्या दुकानात गेली. खुर्चीत शिंपी होता, गालांना फेस लावून. बाकावर दोघंतिघं. दादाने मान हलवली आणि वस्तरा धरला.

"दादा, एक नवा आकडा घातलाय," ती म्हणाली. "शून्य शून्य. माझ्यासाठी."

दादाने तिच्याकडे आरशातून पाहिलं. मग कंगवा उचलला आणि शून्य दोनदा दाबलं.

"किती छळायचं एखाद्याला!" कपाटावरून दादा कडाडला. त्या आवाजात कुठेही गिऱ्हाइकाची मर्जी नव्हती. चिडलेला, फाटलेला, घरातला आवाज होता तो. "शंभरदा सांगितलं, पुरे आता म्हणून! अक्कल आहे की नाही? जा, मी बोलणारच नाही तुझ्याशी!"

शिंप्याने फेसातून डोळे वटारले. दादा कंगवा हातात धरून स्पीकरकडे बघत उभा होता. मग तो वळला, बहिणीकडे नीट बघितलं, आणि तिच्याकडे बोट रोखून पुन्हा शून्य शून्य दाबलं.

"जा, मी बोलणारच नाही तुझ्याशी!"

"नको बोलूस," काटकोन म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. दादाचे खांदे हलू लागले. त्याच्या हसण्याला आता आवाज नव्हता, म्हणून तो हसतोय हे कळायला बाकावरच्यांना जरा वेळ लागला. त्याने तिसऱ्यांदा दाबलं, आणि ती खुर्चीच्या पाठीला धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बोलणं ऐकत उभी राहिली.